मोफत अभिजातता आणि मराठी रहस्यकथेचा गहाळ पुरावा

१

मोफत ई-पुस्तकांनी अभिजात रहस्यकथा तालुक्याच्या गावापर्यंत नेली, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. विधान खोटे नाही. २०२४ साली अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या अहमदनगर जिल्ह्यात, पारनेरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात राहणारा पदव्युत्तर विद्यार्थी आज हातातल्या मोबाइलवर एडगर ॲलन पोची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ (१८४१) ही कथा, विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) ही कादंबरी, कॉनन डॉयलचा सगळा शेरलॉक होम्स आणि चेस्टरटनचा फादर ब्राउन पुस्तकाची किंमत म्हणून एक पैसाही न देता वाचू शकतो. त्याच्या आधीच्या पिढीतील वाचक भालबा केळकरांनी मराठीत आणलेल्या होम्सवर, किंवा गावच्या वाचनालयाच्या कपाटात जे काही उरले असेल त्यावर अवलंबून होता. हा बदल मोठा आहे. १९७१ साली मायकेल हार्ट याने प्रोजेक्ट गुटेनबर्ग सुरू केले तेव्हापासून ज्या असंख्य स्वयंसेवकांनी विनामोबदला मजकूर तपासले, त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

वाद आहे तो ‘अभिजात रहस्यकथा सापडली’ या वाक्यातील क्रियापदाशी आणि त्यामागोमाग विशेषणाशी. सापडणे या क्रियेत एक निरागसता गृहीत धरलेली असते. वस्तू तेथे होतीच, नजर आता पोहोचली, एवढेच. परंतु मोफत ग्रंथालयाच्या पडद्यावर जे सापडते ते आधी कोणीतरी तेथे ठेवलेले असते, आणि जे सापडत नाही ते बहुधा कोणीतरी ठेवायचे राहिलेले किंवा टाकून दिलेले असते. रहस्यकथेचा अभ्यासक तरी ही गोष्ट विसरू शकत नाही. खोलीत काय पडले आहे यापेक्षा खोलीतून काय नाहीसे झाले आहे, हा प्रश्न ज्या वाङ्मयप्रकाराने वाचकाला विचारायला शिकवला, त्याच वाङ्मयप्रकाराविषयी बोलताना मराठी समीक्षा मात्र समोर पडलेल्या वस्तूंची यादी करून समाधान मानते.

मोफत ई-पुस्तकांच्या व्यवस्थेतून घडणारी ‘अभिजातता’ ही वाङ्मयीन मूल्यनिर्णयाची निष्पत्ती नाही. ती कायदा, श्रम आणि पूर्वप्रसिद्धी यांच्या संयोगाची निष्पत्ती आहे. मराठी समीक्षा ती मूल्य म्हणून स्वीकारते तेव्हा ती स्वतःच्या परंपरेवर पुराव्याविना निकाल देत असते, आणि या पुराव्याच्या अभावाला पहिली जबाबदार स्वतः समीक्षाच आहे.

२

कायद्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण ‘मुक्त’ या शब्दाभोवती सर्वाधिक धूसरपणा तेथेच आहे. अमेरिकेतील मोफत ग्रंथालये अमेरिकेचा कायदा पाळतात. जुन्या प्रकाशित पुस्तकांच्या बाबतीत तेथे प्रकाशनापासूनची ९५ वर्षे मोजली जातात. ॲगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही १९२६ची कादंबरी म्हणून तेथे १ जानेवारी २०२२ रोजी मुक्त झाली. भारतात मात्र लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे मोजतात. ख्रिस्तीचे निधन १९७६ साली झाले, म्हणून तीच कादंबरी भारतात २०३६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. याच्या नेमकी उलट स्थिती डॉयलची. त्याचे निधन १९३० साली झाले आणि त्या वेळच्या भारतीय कायद्यातील ५० वर्षांची मुदत १९८० अखेर संपली. ‘द केस-बुक ऑफ शेरलॉक होम्स’ हा १९२७चा संग्रह अमेरिकेत २०२२ अखेरपर्यंत बांधलेला होता आणि भारतात त्याआधी चार दशके मोकळा होता. मुक्तता हा पुस्तकाचा गुण नाही. पुस्तक कोणत्या सरहद्दीच्या अलीकडे वा पलीकडे उघडले जाते, त्यावर ती ठरते.

हीच मोजणी मराठी रहस्यकथेला लावली की चित्र स्पष्ट होते. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर १९९६ साली निवर्तले. त्यांचे लेखन २०५६ अखेरपर्यंत स्वामित्वहक्काच्या कक्षेत राहील. सुहास शिरवळकरांचे निधन २००३ सालचे, म्हणून त्यांच्या कादंबऱ्या २०६३ अखेरपर्यंत आणि २०२१ साली निवर्तलेल्या गुरुनाथ नाईकांच्या २०८१ अखेरपर्यंत बंद राहतील. यात एक उपरोधही आहे. भारतातील ५० वर्षांची मुदत ६० वर्षे झाली ती रवींद्रनाथ टागोरांचे साहित्य १९९१ अखेर मुक्त होणार या चिंतेतून. गुरुदेवांच्या गीतांचे पावित्र्य राखण्यासाठी झालेल्या दुरुस्तीने मुंबईच्या रहस्यकथाकाराचा ‘झुंजार’ही आणखी दहा वर्षे बंदिस्त झाला. आज विशीत असलेला पारनेरचा वाचक अर्नाळकरांची मुक्त आवृत्ती वाचेल तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेला असेल, अर्थात वाचण्याजोगी प्रत तोवर कोठे शिल्लक राहिली तर.

दुसरी चाळणी श्रमाची. इंग्रजी पुस्तकाची पाने यंत्र वाचते, त्यातील चुका माणसे दुरुस्त करतात, आणि २००० साली सुरू झालेल्या वितरित मुद्रितशोधनाच्या उपक्रमाने हे काम हजारो हातांत वाटले. देवनागरी जोडाक्षरे, जुने शिळाप्रेसचे वळण, स्वस्त कागदावर फुटलेली शाई यांच्यापुढे हे यंत्र अडखळते. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पातून असंख्य मराठी पुस्तकांची पाने चित्ररूपाने आली खरी, परंतु रोमन लिपीतील अशुद्ध शीर्षके, तुटक पाने आणि शोधता न येणारा मजकूर यांमुळे पुस्तक असूनही नसल्यासारखे होते. ज्यात शब्द शोधता येत नाही ती प्रत जतन झालेली असते, पण अभ्यासाला खुली झालेली नसते.

तिसरी चाळणी सर्वांत सूक्ष्म आहे. शोधपेटीत काहीतरी टंकावे लागते. जे नाव आधी ऐकलेले असते तेच टंकले जाते. नाव ऐकू येते ते अभ्यासक्रमातून, चित्रपटातून, दूरचित्रवाणीवरील मालिकांतून. होम्सचे नाव पारनेरपर्यंत या सर्व मार्गांनी आधीच पोहोचलेले आहे. अर्नाळकरांच्या ‘धनंजय’ आणि ‘छोटू’ यांचे नाव पोहोचायला मार्गच उरलेला नाही, कारण ज्या वाचकांच्या तोंडी ते होते ती पिढी सरत आली आणि ज्यांनी ते ग्रंथबद्ध करायचे त्यांनी ते केले नाही. ‘शोध’ म्हणून जे साजरे होते ते अशा रीतीने पुष्कळदा पूर्वपरिचिताचे पुनर्दर्शन असते.

३

या तिन्ही चाळण्यांतून जे खाली पडते त्यालाच पुढे ‘रहस्यकथेची परंपरा’ असे नाव मिळते, आणि येथून समीक्षेचा खरा अपराध सुरू होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने मराठी रहस्यकथा हा प्रबंधविषय घेतला असे मानू. पाश्चात्त्य संहिता त्याच्या हाताशी आहेत. मराठी संहिता पाच-पंचवीस पुनर्मुद्रणांपलीकडे हाताशी नाहीत. अशा स्थितीत एकच प्रकारचे संशोधन सहज शक्य होते, ते म्हणजे मूळ शोधण्याचे. अमुक मराठी कथेतील बंद खोली तमुक इंग्रजी कथेतून उचलली आहे, अमुक नायक तमुक नायकाची छाया आहे, हे दाखवले की प्रकरण मिटते. मोफत ग्रंथालयाने समीक्षकाला गुप्तहेर बनवले आहे, पण अशा गुप्तहेराला एकच गुन्हा ओळखता येतो, तो वाङ्मयचौर्याचा. आरोपीही ठरलेला आहे.

उसनवारी झाली नाही असे येथे म्हणायचे नाही. मराठी कादंबरीच्या वाढीत रेनॉल्ड्ससारख्या इंग्रजी लोकप्रिय लेखकाचा वाटा किती होता हे वाङ्मयेतिहासाला ठाऊक आहे. गो. ना. दातारांची ‘कालिकामूर्ती’ त्याच वातावरणातील. प्रश्न असा आहे की मूळ सापडल्यावर काय सिद्ध होते? त्झ्वेतान तोदोरोव्हने १९६६ साली रहस्यकथेची मांडणी करताना तिच्यातील दोन कथा वेगळ्या केल्या. एक गुन्ह्याची, जी घडून गेली आहे पण दिसत नाही, आणि दुसरी तपासाची, जी दिसते पण जिला स्वतःचे असे महत्त्व नाही. रूपांतराचा अभ्यासही याच न्यायाने चालायला हवा. मूळ कथा ही पहिली कथा. ती सापडणे हा तपासाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. मराठीत येताना काय बदलले, कोणता दुवा गळला, कोणता घातला गेला, पोलीस अधिकाऱ्याचे स्थान काय झाले, स्त्रीपात्राचे काय झाले, गुन्ह्याला जातीचे आणि पैशाचे कोणते संदर्भ चिकटले, हे सर्व दुसऱ्या कथेचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे मराठी संहिता हातात असल्याशिवाय देता येत नाहीत.

उदाहरण म्हणून एकाच गृहीतकाकडे पाहता येईल. अर्नाळकरांचे सर्वाधिक लोकप्रिय नायक ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ हे होम्सच्या जातीचे नाहीत. ते कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करणारे नायक आहेत. मोरिस लब्लांकच्या आर्सेन लुपँशी त्यांचे नाते जोडले की ‘नक्कल’ हा निर्णय तयार होतो. पण मराठी वाचकाने दोन पर्यायांतून हाच पर्याय एवढ्या आवडीने का उचलला, हा प्रश्न तसाच राहतो. परकीय सत्तेच्या पोलिसांना न्यायाचा प्रतिनिधी मानणे त्या वाचकाला अवघड होते, म्हणून बुद्धिमान तपासनीसापेक्षा कायद्याबाहेरचा दंडकर्ता त्याला जवळचा वाटला, असे एक गृहीतक मांडता येते. स्वातंत्र्यानंतर या नायकांत पालट झाला का, पोलीस अधिकारी विनोदी राहिला की आदरणीय झाला, हे पाहून ते तपासताही येईल. तसे तपासायचे तर शेकडो पुस्तिका कालक्रमाने समोर हव्यात. त्या नाहीत, म्हणून गृहीतक गृहीतकच राहते आणि ‘नक्कल’ हा शेरा मात्र सिद्धान्ताच्या थाटात मिरवतो.

बंगालीकडे पाहिले की ही अनास्था अपरिहार्य नव्हती हे कळते. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा व्योमकेश १९३२ साली अवतरला, सत्यजित रायांचा फेलुदा १९६५ साली. त्यांची लोकप्रियता मोठी, पण त्याहून लक्षणीय गोष्ट ही की सुकुमार सेन यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञाला आणि बंगाली वाङ्मयाच्या इतिहासकाराला १९८८ साली गुन्हेकथेच्या इतिहासावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणे कमीपणाचे वाटले नाही. मराठीत त्या तोलाच्या विद्वानाने रहस्यकथेसाठी असे काम केले नाही. वाङ्मयेतिहासाच्या खंडांत तिच्या वाट्याला फार तर काही परिच्छेद येतात, आणि तेही ‘वाचनाची गोडी लावली’ अशा प्रशस्तिपत्राच्या भाषेत. वाचनाची गोडी लावणे हे बालवाडीचे काम आहे. एखाद्या वाङ्मयप्रकाराविषयी एवढेच बोलायचे असेल तर त्याचे वाचन झालेलेच नाही, असे मानावे लागते.

४

मोफत अभिजाततेचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे, कारण तो वाचकाच्या स्थानाशी निगडित आहे. अभिजात म्हणून जे हाती येते त्यातील हिंदुस्थान कोठे आणि कसा येतो हे पाहिले पाहिजे. ‘द मूनस्टोन’मधील हिरा १७९९ सालच्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतून इंग्लंडात जातो. ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) मधील खजिन्याचे मूळ १८५७च्या आग्र्यात आहे आणि अंदमानचा आदिवासी तेथे जवळजवळ श्वापद म्हणून रंगवलेला आहे. ‘द स्पेकल्ड बँड’मधील खुनी वैद्य कलकत्त्याहून परतलेला आहे आणि त्याचे हत्यार हिंदुस्थानी साप आहे. लंडनच्या बंद खोलीतील गूढाचा उगम वारंवार वसाहतीत असतो, आणि गूढ उकलते म्हणजे वसाहतीतून आलेली अस्वस्थता पुन्हा घराबाहेर काढली जाते. कॉलिन्सने हिरा अखेरीस सोमनाथच्या मूर्तीकडे परत पाठवला, हा त्याचा मोठेपणा. त्याच्या नंतरच्यांना तेवढीही उदारता झेपली नाही.

हे सर्व पाश्चात्त्य समीक्षेने सांगून झाले आहे. मराठी समीक्षेने सांगायचे आहे ते पारनेरच्या बाजूने. सेनापती बापट १८८० साली जन्मले ते पारनेरात. १९०४ साली ते अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी गेले ते एडिंबरोला, जेथे डॉयलने एका पिढीआधी वैद्यकाचे शिक्षण घेतले होते आणि ज्यांच्यावरून होम्स घडला ते डॉ. जोसेफ बेल शिकवीत होते. पुढे बापटांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबविद्या मिळवली, तिची पुस्तिका हिंदुस्थानात पोहोचली, आणि १९०८च्या अलीपूर प्रकरणानंतर काही वर्षे त्यांना भूमिगत राहावे लागले. त्यांचा माग काढणाऱ्या यंत्रणेचा इतिहासही बोलका आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी १८३०च्या दशकात उभारलेल्या खात्याचे १९०४ साली मध्यवर्ती गुन्हा अन्वेषण खात्यात रूपांतर झाले. ज्या वर्षी पारनेरचा तरुण एडिंबरोला निघाला त्याच वर्षी लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकातून होम्सच्या पुनरागमनाच्या कथा संपत होत्या, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात गुप्त पोलिसांचे नवे खाते उभे राहत होते. पारनेरच्या वाचकाचा पूर्वज गुप्तहेराच्या शेजारी बसलेला नव्हता. गुप्तहेर ज्याला शोधत होता तो माणूस पारनेरचा होता.

याहून खोल जाणारा धागा ‘माग’ या शब्दातच आहे. कार्लो गिन्झबुर्गने १९७९ साली होम्स, फ्रॉइड आणि चित्रपारखी मोरेल्ली यांना एका सूत्रात बांधून खुणांवरून अनुमान करण्याच्या ज्ञानपद्धतीचा इतिहास लिहिला. बोटांच्या ठशांचे शास्त्र हुगळीच्या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधील प्रचलित रीतीवरून उचलले, याचीही नोंद त्याने केली. दख्खनमध्ये ही ज्ञानपद्धती गावगाड्यात रुजलेली होती. चोरी झाली की गावच्या रखवालदाराने, बहुधा रामोशाने वा भिल्लाने, चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचवला की जबाबदारी त्या गावाची, नाही तर नुकसान भरून देण्याची पाळी रखवालदारावर, अशी व्यवस्था इंग्रजी अंमलाच्या आरंभी एल्फिन्स्टनने वर्णिली आहे. धूळ, पाऊल, मोडलेली काडी यांवरून माणूस ओळखण्याचे हे कसब बेकर स्ट्रीटहून येथे आयात झालेले नाही. उलट या कसबाच्या धारकांतील काही जमातींवर नव्या राजवटीने ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि या शिक्क्यातून सुटका झाली ती स्वतंत्र भारतात, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. जन्मावरून गुन्हेगार ठरवणाऱ्या राज्यात ‘गुन्हेगार कोण’ या प्रश्नावर उभा असलेला वाङ्मयप्रकार निरागस राहू शकत नाही.

मराठीत या प्रश्नाला उत्तर देणारी संहिता आहे, फक्त ती रहस्यकथेच्या फडताळात ठेवलेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन पोलीस चौकशीकडे चौकशी होणाऱ्याच्या जागेवरून पाहते. रहस्यकथेत शेवटी उघड होणारी गोष्ट, म्हणजे संशयिताची ओळख, येथे पहिल्या पानापासून कायद्याने ठरवून टाकलेली असते. मग रहस्य उरते ते समाजाचे. होम्स आणि ‘उचल्या’ एका अभ्यासपत्रिकेत शेजारी ठेवले तर दोन्हींचे आकलन बदलेल. परंतु ‘उचल्या’ दलित-भटक्यांच्या साहित्याच्या पत्रिकेत, होम्स लोकप्रिय साहित्याच्या पत्रिकेत आणि अर्नाळकर कोठेच नाहीत, अशी विद्यापीठीय वाटणी झालेली आहे. मोफत ई-पुस्तकांनी ही वाटणी मोडली नाही. मधल्या फडताळात पुस्तकांची भर घातली, एवढेच.

५

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. पारनेरच्या वाचकाला चांगली कथा हवी आहे. त्याला ती फुकट मिळाली, आणि आता त्याच्या आनंदात कायदा, वसाहत आणि गावगाडा घुसवून समीक्षक नेहमीचाच अभिजन-उद्योग करीत आहेत. स्वस्त पुस्तिकांतील पुष्कळसे लेखन घाईचे, साचेबंद आणि पुनरुक्त आहे. काळाने ते गाळले असेल तर योग्यच गाळले.

आक्षेपाचा पहिला भाग मान्य करावा लागतो. वाचनाचा आनंद हा कोणत्याही सिद्धान्ताच्या परवान्यावर अवलंबून नसतो, आणि एडमंड विल्सनने १९४५ साली रॉजर ॲक्रॉइडला कोणी मारले याची फिकीर कोणाला, असा उपहास केल्यानंतरही वाचकांनी ती फिकीर सोडली नाही. दुसरा भाग मात्र मान्य करता येत नाही. ‘काळाने गाळले’ या शब्दप्रयोगात कर्ता दडवलेला आहे. फ्रँको मोरेत्तीने २००० साली डॉयलच्या विस्मृत समकालीनांच्या कथा वाचून दाखवले की वाचकांच्या बाजाराने निवड केली ती दुव्यांच्या तंत्रावरून, आणि खुद्द डॉयललाही ते तंत्र पुरतेपणी साधलेले नव्हते. असे काही म्हणता आले, कारण ते विस्मृत समकालीन मासिकांच्या जुन्या फायलींत सापडले. मराठीत निवड वाचकांनी केली असेही नाही. येथील प्रक्रिया उलटी आहे. वाचनालयातील जे पुस्तक सर्वाधिक हातांतून जाते ते सर्वांत लवकर फाटते, आणि फाटलेले पुस्तक निर्लेखनाच्या यादीत जाऊन रद्दीत निघते. स्वस्त कागदावरची पुस्तिका दोन-तीन दशकांत पिवळी पडून तुटते, आणि हलके साहित्य म्हणून तिची पुन्हा खरेदी होत नाही. जे सर्वाधिक वाचले गेले तेच सर्वांत आधी नष्ट झाले. एखादे गंभीर पुस्तक न वाचले गेल्यामुळेच शाबूत राहिले. या अवशेषांवरून वाङ्मयीन मूल्याचा निर्णय देणे म्हणजे आगीतून वाचलेल्या सामानावरून घरमालकाची अभिरुची ठरवणे होय.

कायदा आडवा येतो, ही सबबही पूर्ण खरी नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ नुसार अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळ असलेल्या पुस्तकाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठवता येते. बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या उपयोगासाठी करण्याची मुभा याच कलमात आहे. ज्या पुस्तकाचा हक्कदार सापडत नाही त्यासाठी कलम ३१अ खाली सक्तीचा परवाना मागण्याची वाट आहे. आणि हक्कदार हयात व ज्ञात असतील तर संमती मागणे ही सर्वांत साधी गोष्ट. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्थेने लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तके विनामूल्य वाटून ती वाट चालण्याजोगी आहे हे दाखवले आहे. जतन आणि प्रसार यांत फरक आहे हे खरे. २०५६ पूर्वी अर्नाळकर सर्वांच्या पडद्यावर विनापरवाना आणता येणार नाही. परंतु २०५७ साली आणण्यासाठी काही शिल्लक असावे, याला आज कोणताही कायदा मनाई करीत नाही. मनाई करते ती अभिरुची, जिला ही पुस्तके फाटली तरी हळहळ वाटत नाही.

अहमदनगरच्या जिल्हा वाचनालयाची परंपरा १८३८पर्यंत मागे जाते, आणि १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यापासून राज्यभर वर्गवार अनुदानित ग्रंथालये उभी राहिली आहेत. या ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्या आणि निर्लेखनाच्या याद्या हे लोकप्रिय वाचनाचे अस्सल दप्तर आहे. कोणते पुस्तक कधी आले, किती प्रती घेतल्या, कधी बाद झाले, एवढे जरी तालुकानिहाय नोंदले गेले तरी मराठी रहस्यकथेच्या वाचकाचा इतिहास लिहिण्यास आरंभ होईल. हे काम दिमाखाचे नाही. त्यात तोदोरोव्ह लागत नाही आणि गिन्झबुर्गही फारसा लागत नाही. ज्या पदव्युत्तर विभागांतून दरवर्षी होम्सवरील, ख्रिस्तीवरील आणि ‘प्रभावा’वरील लघुप्रबंध बाहेर पडतात, त्यांनी दोन-तीन वर्षे विद्यार्थ्यांना या नोंदवह्यांकडे पाठवले तर ते सहज होण्यासारखे आहे.

तोवर ‘मराठीत दर्जेदार रहस्यकथा नाही’ हे विधान करण्याचा अधिकार मराठी समीक्षेला नाही, आणि ‘मराठीत ती होती’ हे विधान करण्याचाही नाही. दोन्ही बाजूंना सध्या एकच गोष्ट खात्रीने म्हणता येते. इंग्रजी रहस्यकथा पारनेरमध्ये मोफत मिळते, आणि पारनेरमध्ये एकेकाळी भाड्याने, उसनवारीने, हातोहात वाचली गेलेली मराठी रहस्यकथा आता कोणत्याही किमतीला मिळत नाही. पहिल्या गोष्टीचा आनंद जरूर मानावा, पण दुसरीचा जाब मराठीच्या अभ्यासकांना द्यावा लागेल.